टेम्सकाठचा भगीरथ : सर जोसेफ बॅझलजेट

आपल्या स्मरणिकेतून थोरांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. संत, समाजसुधारक, विद्वान व दानशूर अशा अनेकांचे स्मरण आपण ह्या पानांवर करीत आलो. यंदा आम्ही जे चरित्र निवडले आहे ते आपल्या देशातील नाही व आपल्या धर्मातीलही नाही. शिवाय ह्या पुरुषाने ज्या कामात आयुष्य वेचले त्या कामाचे नावदेखील चारचौघांत घेण्यास आपण संकोचतो. ते काम म्हणजे घरोघरीचा मैला शहराबाहेर सुरक्षितपणे नेऊन सोडण्याचे. भगीरथाने गंगा पृथ्वीवर आणली. ह्या गृहस्थाने लाखो घरांची घाण भूमीखालून वाहून नेली आणि एका नदीला पुन्हा नदीपण दिले. आमच्या मते दोन्ही प्रयत्नांची जात एकच.

ही निवड करण्यास आणखी दोन कारणे झाली. पहिले असे की, जोसेफ बॅझलजेट हा एका शिंप्याचा नातू होता. आपल्या शिंपी समाजाच्या स्मरणिकेत सुईदोऱ्याच्या घराण्यातील पुरुषाची ओळख करून देणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे गावाकडून मुंबईस व पुण्यास आली, चाळीतल्या एका खोलीत संसार थाटले, आणि पहाटे हातात टमरेल घेऊन सामाईक संडासापुढे रांगेत उभी राहिली. वृद्धांचे हाल व लेकीसुनांची कुचंबणा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्या विषयाचे महत्त्व आम्ही वेगळे सांगावयास नको.

घराणे आणि पूर्वायुष्य

जोसेफचे आजोबा लुई बॅझलजेट हे मूळचे दक्षिण फ्रान्समधील. तेथून ते लंडनला आले आणि शिवणकामातील कौशल्याच्या बळावर थेट युवराजांचे, म्हणजे पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राचे, शिंपी झाले. युवराज उधळ्या स्वभावाचे होते. कपड्यांची बिले थकत गेली, पण ह्या शिंप्याने धीर सोडला नाही, आणि अखेर तो मोठा सधन गृहस्थ झाला. त्याचा मुलगा इंग्लंडच्या आरमारात अधिकारी होता. त्या अधिकाऱ्याच्या पोटी लंडनजवळच्या एन्फील्ड येथे २८ मार्च १८१९ रोजी जोसेफचा जन्म झाला. परदेशातून पोट भरण्यास आलेल्या कारागिराच्या तिसऱ्या पिढीने त्याच शहराला जीवदान द्यावे, हा योगायोग आम्हांस विशेष वाटतो.

मुलगा अंगाने किरकोळ होता, परंतु कामात चिवट. तरुणपणी एका नामांकित अभियंत्याच्या हाताखाली त्याने उत्तर आयर्लंडमध्ये पाणथळ जमिनींचे पाणी काढण्याचे काम शिकून घेतले. १८४२ मध्ये लंडनमध्ये त्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तो काळ रेल्वेच्या वेडाचा होता. नव्या रेल्वेमार्गांची कामे इतकी आली की अतिश्रमाने त्याची प्रकृती पार ढासळली आणि १८४७ च्या सुमारास त्याला सर्व सोडून विश्रांती घ्यावी लागली. बरा होऊन परतल्यावर १८४९ मध्ये त्याने लंडनच्या गटार आयुक्त मंडळात साहाय्यक सर्वेक्षकाची नोकरी धरली. रेल्वेची कीर्ती व पैसा सोडून कोणी गटारांच्या खात्यात जावे, ह्याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले असेल. परंतु त्याच्या आयुष्याचे खरे काम येथेच सुरू झाले.

त्या काळचे लंडन

१८०१ मध्ये लंडनची वस्ती सुमारे १० लाख होती. १८५१ मध्ये ती २३ लाखांच्या वर गेली. माणसे दुप्पट झाली, पण त्यांच्या मलमूत्राची व्यवस्था जुनीच राहिली. घराच्या खाली किंवा मागे मैल्याचा खड्डा असे. शहरात असे सुमारे २ लाख खड्डे होते. रात्री मैला काढणारे मजूर येत, खड्डा उपसत व तो माल गाड्यांतून शेतांवर नेऊन विकीत. त्यासाठी घरमालकाला पैसे मोजावे लागत. श्रीमंतांच्या वाड्यांत हे होत असे. गरिबांच्या वस्तीत एकेका चौकाला एकच शौचकूप, त्यावर अनेक कुटुंबे अवलंबून, मालक खर्च करावयास तयार नाही आणि भाडेकरूच्या खिशात दमडी नाही, अशी स्थिती होती. खड्डे भरून वाहत, मैला तळघरांत झिरपे, आणि त्याच तळघरांत माणसे मुलाबाळांसह राहत.

पुढे पाण्याच्या लोटाने धुतला जाणारा नवा संडास आला. ही सोय उत्तम खरी. पण तिच्यामुळे खड्डे अधिकच लवकर भरू लागले. रस्त्याखालची जुनी गटारे केवळ पावसाच्या पाण्यासाठी होती व १८१५ पर्यंत त्यांत घरातील मैला सोडण्यास बंदी होती. ती बंदी उठली आणि १८४८ च्या सुमारास तर खड्डे बुजवून घरे गटारांना जोडण्याची सक्तीच झाली. हेतू चांगला होता, परिणाम भयंकर झाला. सर्व गटारे टेम्स नदीला मिळत होती व त्याच नदीतून शहराचे पिण्याचे पाणी उचलले जात होते. घरातली घाण घराबाहेर गेली, आणि नळाने परत घरात आली.

पटकीच्या साथीने ह्या चुकीची किंमत वसूल केली. १८३१-३२ च्या साथीत लंडनमध्ये ६ हजारांवर माणसे दगावली होती. १८४८-४९ मध्ये १४ हजारांवर गेली, आणि १८५३-५४ मध्ये आणखी १० हजारांवर. त्या वेळचे बहुतेक विद्वान असे मानीत की रोग दुर्गंधीने, म्हणजे दूषित हवेने होतो. डॉक्टर जॉन स्नो ह्या एका वैद्याने मात्र १८४९ मध्येच पटकी पाण्यातून पसरते असे मांडले, आणि १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवतीचे मृत्यू मोजून ते दाखवूनही दिले. त्या पंपाच्या विहिरीलगतच्या घराचा मैलखड्डा फुटून पाण्यात झिरपत होता, हे मागाहून आढळले. परंतु स्नोचे म्हणणे त्याच्या हयातीत सर्वमान्य झाले नाही. बॅझलजेटदेखील दूषित हवेच्याच मताचा होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. त्याचे अनुमान चुकीचे होते, पण मैला माणसापासून दूर नेण्याचा त्याने शोधलेला मार्ग बरोबर होता.

१८५८ चा उन्हाळा

१८५६ मध्ये महानगर कार्यमंडळ स्थापन झाले आणि बॅझलजेट त्याचा मुख्य अभियंता झाला. त्याच्या योजना तयार होत्या. परंतु मैला नदीत नेमका कोठे सोडावा, ह्यावरून मंडळ व सरकार ह्यांत वाद चालला आणि आराखडे पुनःपुन्हा परत येत राहिले. दोन वर्षे कागदपत्रांत गेली.

अखेर न्याय केला तो सूर्याने. १८५८ च्या जून महिन्यात असा कडक उन्हाळा पडला की टेम्सचे पात्र नासून उठले. संसदभवन नदीच्या काठावरच आहे. सभासदांना आत बसवेना. खिडक्यांच्या पडद्यांना चुन्याचे क्षार लावून पाहिले, पण व्यर्थ. जी दुर्गंधी गरीब वस्त्या वर्षानुवर्षे सोशीत होत्या, ती राज्यकर्त्यांच्या नाकाशी आल्याबरोबर कायदा झाला. जुलैच्या मध्यास विधेयक मांडले गेले व २ ऑगस्ट रोजी ते संमत होऊन मंडळाला ३० लाख पौंडांपर्यंत कर्ज काढण्याची मुभा मिळाली. वर्षांचे काम आठवड्यांत झाले. ह्या प्रसंगाचे इतिहासकार मोठ्या चवीने वर्णन करतात. आम्हांस मात्र त्यात खंत वाटते. हजारो गरिबांच्या मरणाने जे घडले नाही, ते काही मान्यवरांच्या गैरसोयीने घडले.

भूमीखालचे काम

बॅझलजेटची कल्पना मुळात साधी होती. उत्तरेकडील जुनी गटारे उतारावरून नदीकडे उभी धावत. त्याने त्यांना आडवी छेदणारी, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी मोठी गटारे घालण्याचे ठरविले. उभ्या धाग्यात आडवा धागा घालावा, तसा हा प्रकार. नदीकडे निघालेला मैला ही आडवी गटारे वाटेतच अडवीत व शहराच्या पूर्वेस, समुद्राच्या बाजूला घेऊन जात. नदीच्या उत्तरेस अशा तीन रांगा होत्या, उंचावरची, मधली व सखल भागातली. दक्षिणेसही अशीच व्यवस्था होती. शक्य तेथे पाणी आपल्या उतारानेच वाहावे, म्हणून दर मैलास सुमारे २ फूट इतकाच हलका उतार राखला. सखल भागातील मैला वर उचलण्यासाठी डेप्टफर्ड, क्रॉसनेस व ॲबी मिल्स येथे वाफेच्या यंत्रांची प्रचंड पंपघरे उभारली. शेवटी सर्व मैला मोठ्या टाक्यांत साठवून ओहोटी लागताच नदीत सोडला जाई, म्हणजे तो समुद्राकडे ओढला जावा.

एकंदर ८२ मैलांची मुख्य गटारे बांधली गेली, तिला मिळणाऱ्या रस्त्याखालच्या गटारांची लांबी हजार मैलांच्या वर होती, आणि ३१ कोटी ८० लक्ष विटा खपल्या. गटारांचा आकार अंड्यासारखा, निमुळती बाजू खाली, ठेवला, म्हणजे पाणी थोडे असले तरी त्याचा वेग टिकून गाळ साचू नये. त्या काळी नवख्या असलेल्या पोर्टलंड सिमेंटचा त्याने सढळ वापर केला, पण आलेला प्रत्येक साठा तपासून घेतल्याशिवाय तो वापरू दिला नाही. जमिनीखाली झाकले जाणारे काम कोणी पाहणार नाही, म्हणून ते कसेही उरकावे, ही वृत्ती त्याच्या ठायी नव्हती. चांगला शिंपी कपड्याच्या आतली शिवणही बाहेरच्या इतकीच नेटकी घालतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या विटांच्या आतील बाजूस उभे राहून काम करणाऱ्या हजारो अनाम मजुरांचेही ह्या ठिकाणी स्मरण केले पाहिजे.

४ एप्रिल १८६५ रोजी क्रॉसनेसच्या पंपघराचे उद्घाटन युवराजांच्या हस्ते झाले. आजोबांनी एका युवराजाचे कपडे शिवले, नातवाने दुसऱ्या युवराजाला गटाराचे यंत्र दाखविले. लंडनने सुटकेचा निःश्वास टाकला.

राहून गेलेला कोपरा

परंतु कथा येथे संपत नाही. किंबहुना जो भाग आम्ही वाचकांसमोर मुख्यतः ठेवू इच्छितो, तो पुढेच आहे.

शहराचा पूर्व भाग, म्हणजे ईस्ट एंड, हा गोदी कामगार, हातमजूर व घरी बसून कपडे शिवणाऱ्या गरीब कारागिरांचा. त्या सखल भागातील गटारे बांधून होत आली होती, पण त्यांचा मैला उचलणारे ॲबी मिल्सचे पंपघर अपुरे होते. श्रीमंत पश्चिम भाग सुरक्षित झाला. हा एक कोपरा मागे राहिला. १८६६ च्या उन्हाळ्यात पटकी पुन्हा आली आणि अचूक त्याच कोपऱ्यावर तुटून पडली. एकट्या ईस्ट एंडमध्ये ५,५९६ माणसे मृत्युमुखी पडली. बाकीचे शहर जवळजवळ अबाधित राहिले.

शोध घेता ब्रॉम्ले भागातील एका मजुराचे घर पुढे आले. तो व त्याची पत्नी जूनच्या अखेरीस पटकीने वारली होती. त्यांच्या घरात धुतला जाणारा नवा संडास होता. बाहेरून पाहता सोय झालेली होती. परंतु त्याचे पाणी सरळ ली नदीत जात होते, आणि तेथून जवळच त्या भागाला पाणी पुरविणाऱ्या कंपनीचे ओल्ड फोर्डचे जलाशय होते. सर्व पाणी गाळून देण्याचे बंधन कायद्याने घातलेले असतानाही उघड्या जलाशयातील पाणी नळांत सोडले गेले होते. काही घरांच्या नळांतून तर ईल जातीचे मासे निघाले. मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या खात्यातील विल्यम फार ह्या संख्याशास्त्रज्ञाने कोणत्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी जाते हे पडताळून पाहिले, आणि आठ वर्षांपूर्वी निधन पावलेल्या डॉक्टर स्नोचे म्हणणे खरे ठरले.

ह्या एका घराच्या कथेत आमच्या मते सारे सार आहे. घरात संडास असणे ही एक गोष्ट, आणि तो सुरक्षित असणे ही दुसरी. मैला आपल्या डोळ्यांआड झाला म्हणजे तो नाहीसा झाला असे नाही. तो कोठे गेला, हे पाहिले पाहिजे. आणि शहरातील शेवटची वस्ती जोडली जात नाही तोवर पहिल्या वस्तीची जोडणीही अपुरीच समजली पाहिजे.

ॲबी मिल्सचे पंपघर १८६८ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ पुन्हा कधी आली नाही. तरीही गरिबांच्या घरापर्यंतचे शेवटचे अंतर लवकर तुटले नाही. बॅझलजेटचा अधिकार मुख्य गटारांपुरता होता. गल्लीतील गटार स्थानिक समित्यांकडे आणि घरापासून गटारापर्यंतची नळी घरमालकाकडे. कित्येक मालक ती घालीत नसत. घातली तरी पाणी दिवसातून थोडाच वेळ येत असल्याने संडास धुतला जात नसे. १८६६ व १८९१ चे आरोग्यविषयक कायदे झाले, तपासनीस घरोघर फिरले, पाणी अखंड येऊ लागले, तेव्हा कोठे हळूहळू ही उणीव भरून निघाली. उत्तम अभियंता शहराच्या मध्यापर्यंत पोहोचतो. उंबऱ्यापर्यंत पोहोचण्यास कायदा, पाणी व मालकाची जबाबदारी ही तिन्ही लागतात.

उत्तरायुष्य

टेम्सच्या काठाने गटार नेण्यासाठी बॅझलजेटने नदीचा चिखलाचा किनारा बांधून काढला. आल्बर्ट, व्हिक्टोरिया व चेल्सी हे तीन भव्य तट १८६९ ते १८७४ ह्या काळात पुरे झाले. त्यांवर आज रस्ते व बागा आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांस पायाखालचे गटार दिसतही नाही. १८७५ मध्ये त्याला सर हा किताब मिळाला आणि पुढे स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही लाभले.

त्याच्या कामातील उणीवही सांगितली पाहिजे, कारण चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. मैला शहराबाहेर गेला, पण शुद्ध न होता नदीतच पडत होता. खालच्या अंगाच्या लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा त्याने व मंडळाने त्या मान्य केल्या नाहीत. ३ सप्टेंबर १८७८ रोजी प्रिन्सेस ॲलिस नावाची प्रवासी आगबोट त्याच टप्प्यात धडकेने बुडाली व ६०० हून अधिक माणसे मेली. नुकत्याच सोडलेल्या मैल्याच्या पाण्यात ती बुडाली ही गोष्ट लोकांच्या मनाला फार लागली. पुढे चौकशी झाली आणि गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकण्याची व्यवस्था १८८७ पासून सुरू झाली. तो प्रकारही १९९८ मध्ये बंद झाला.

१८८९ मध्ये मंडळ विसर्जित झाले आणि बॅझलजेट निवृत्त झाला. १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डन येथे त्याचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसांचा बळी घेतला. हॅम्बुर्गची जहाजे लंडनच्या बंदरात ये-जा करीत होती. तरी लंडनमध्ये साथ पसरली नाही. कोणत्याही पुतळ्याहून हे मोठे स्मारक होय. त्याची पुष्कळ गटारे आजही वापरात आहेत. वस्ती कितीतरी पटींनी वाढल्यामुळे त्यांना साहाय्य म्हणून टेम्सखाली खोदलेला सुमारे २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

आपल्यासाठी बोध

आता आपल्याकडे वळू. आपल्या शहरांतील झोपडपट्ट्यांत व जुन्या चाळींत संडास नाहीत असे आज सरसकट म्हणता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी ते झाले आहेत. परंतु त्यांतील कित्येकांचे पाणी नाल्यात जाते, काही टाक्या वर्षानुवर्षे उपसल्या जात नाहीत, आणि काही उपसल्या जातात त्या माणसाला आत उतरवून. हातांनी मैला काढण्याच्या कामावर १९९३ च्या व पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी असताना टाकीत गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. ब्रॉम्लेच्या त्या मजुराच्या घरापासून आपण फार दूर आलो आहोत, असे आम्हांस वाटत नाही.

जातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट लिहिताना आम्हांस आणखी एक सांगणे भाग आहे. आपल्या देशात हे काम शतकानुशतके काही जातींच्या माथी मारले गेले, आणि बाकीच्यांनी, त्यांत आपणही आलो, त्या कामाची सोय घेतली व ते करणाऱ्यांची सावली टाळली. नामदेवरायांचे नाव घेणाऱ्या समाजाला हे शोभले नाही. ज्याच्या नातवाने मैल्याचे काम प्रतिष्ठेचे मानले, त्या परक्या शिंप्याच्या घराण्याकडून आपण एवढे तरी शिकावे.

म्हणून समाजबंधू-भगिनींना आमची विनंती आहे. आपल्या घराचा, चाळीचा किंवा सोसायटीचा मैला कोठे जातो, हे एकदा विचारून पाहावे. टाकी असेल तर ती यंत्रानेच उपसली जाईल, असा आग्रह सभेत धरावा. घर भाड्याने दिले असेल तर भाडेकरूला रंगसफेदीच्या आधी चांगला संडास द्यावा. आणि आपल्या मुलांपैकी कोणी अभियंता होणार असेल, त्याला पूल व मनोरे ह्यांबरोबर भूमीखालच्या कामाचीही गोडी लावावी. ते काम कोणाच्या नजरेस पडणार नाही. पण त्याच्या योगाने कोणा अनोळखी घरातील मूल जगेल.